जीवविज्ञानाच्या शिक्षकाचे ऑनलाइन प्रशिक्षण

विषयप्रवेश

शालेय विज्ञानाच्या ज्या शाखा गेल्या काही दशकांत वेगाने बदलल्या, त्यांत जीवविज्ञानाची गणना प्रामुख्याने करावी लागेल. डीएनए रेणूची दुहेरी सर्पिल रचना 1953 मध्ये उलगडली. मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. जनुकात नेमक्या ठिकाणी बदल घडवून आणणारे क्रिस्पर तंत्र 2012 मध्ये जगापुढे आले. 1995 च्या सुमारास पदवी घेऊन शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाने यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी विद्यार्थिदशेत अभ्यासलेल्या नसतात. तथापि त्याच्या वर्गातील मुले वर्तमानपत्रात वाचून त्यांविषयी प्रश्न विचारतात आणि उत्तराची अपेक्षा त्याच्याकडूनच करतात.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार नववी व दहावीच्या वर्गांत विज्ञान हा एकच विषय मानला जातो. त्यामुळे पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या शिक्षकालाही पेशी, पचन, आनुवंशिकता व परिसंस्था हे पाठ शिकवावे लागतात. ज्याने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फारशी पाहिलेली नाही, त्याने ती इतरांना दाखवावयाची असते.

या अडचणींचे परिणाम शाळेच्या भिंतींत राहत नाहीत. दहावीनंतर जे विद्यार्थी कला वा वाणिज्य शाखेकडे वळतात, किंवा शिक्षणच सोडतात, त्यांच्या दृष्टीने शाळेतील जीवविज्ञान हेच आयुष्यातील अखेरचे जीवविज्ञान ठरते. मुलीच जन्माला आल्या म्हणून आईला दोष देण्याची रूढी अद्याप पुरती गेलेली नाही. स्त्रीच्या अंडपेशीत लिंगगुणसूत्र नेहमी एक्स हेच असते, पुरुषाच्या शुक्रपेशीत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते, आणि म्हणून अपत्याचे लिंग शुक्रपेशीवर अवलंबून राहते, ही गोष्ट ज्या वर्गात नीट समजते तेथून एका अन्यायाचा आधार नाहीसा होतो. प्रतिजैविक औषधांचेही असेच आहे. औषधाची सवय शरीराला होते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः औषधाला दाद न देणारे जीवाणू टिकून राहतात व वाढतात. हा भेद न समजलेला मनुष्य औषधाचा वापर मनास येईल तसा करतो, आणि त्याचे फळ सर्व समाजाला भोगावे लागते.

तेव्हा सेवेत असलेल्या शिक्षकाचे प्रशिक्षण ही चैनीची गोष्ट नसून निकडीची गोष्ट होय. आज असे प्रशिक्षण बहुतांशी इंटरनेटच्या द्वारे, म्हणजे ऑनलाइन, दिले जाते. परंतु जो विषय सजीवांचा आहे, तो पडद्यावरून शिकविण्यास शिकता येतो काय? प्रस्तुत पुस्तिकेत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

दूर अंतरावरून शिक्षकांना शिकविण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. 1963 पासून उन्हाळ्याच्या सुटीत विज्ञान शिक्षकांसाठी ग्रीष्मकालीन वर्ग भरू लागले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964–66) प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवाकाळात दोन ते तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे अशी शिफारस केली. परंतु देशातील शिक्षकांची संख्या व अंतरे लक्षात घेता सर्वांना एकत्र बोलावणे दुष्कर होते.

1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे कार्यक्रम सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांपर्यंत पोहोचविण्याचा प्रयोग करण्यात आला. त्या वर्षात दोन फेऱ्यांत मिळून सुमारे 50,000 प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. या प्रशिक्षणाची आखणी आजही अभ्यासनीय आहे. केवळ दूरदर्शनवर विसंबून न राहता त्याला रेडिओचे कार्यक्रम, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती यांची जोड देण्यात आली होती. पडद्यावर दिसलेली गोष्ट हाताने करून पाहिल्याखेरीज ती शिक्षकाची होत नाही, हे त्या योजनेमागील सूत्र होते.

पुढे 2004 मध्ये शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. 2017 मध्ये 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व 'दीक्षा' हे शिक्षकांसाठी शैक्षणिक साहित्य पुरविणारे व्यासपीठ सुरू झाले. ऑगस्ट 2019 मध्ये 'निष्ठा' ही शिक्षक प्रशिक्षणाची देशव्यापी योजना हाती घेण्यात आली. प्रारंभी ती समोरासमोरच्या वर्गांची होती. कोविडच्या साथीमुळे ऑक्टोबर 2020 पासून ती 'दीक्षा'वर ऑनलाइन नेण्यात आली, आणि 2021 मध्ये तिचा माध्यमिक शिक्षकांसाठीचा टप्पा सुरू झाला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

यावरून दिसून येईल की, साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. या 50 तासांत शिक्षकाने काय करावयाचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

शिक्षकाने काय शिकावयाचे?

अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धतींचे ज्ञान या दोहोंखेरीज शिक्षकाजवळ आणखी एक ज्ञान असावे लागते. अमुक एक विषयांश मुलांना का कठीण जातो, त्यांची मूळची समजूत काय असते, आणि कोणते उदाहरण दिले असता ती समजूत हलते, हे ते ज्ञान होय. नामांकित संशोधकाजवळ ते असेलच असे नाही; चांगल्या शिक्षकाजवळ मात्र ते असलेच पाहिजे.

उदाहरणार्थ, झाडाचे लाकूड कशाचे बनते असे विचारले असता अनेक मुले 'मातीचे' असे सांगतात. झाड मुळांनी माती खाते व वाढते, ही समजूत फार जुनी आहे. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने सुमारे 90 किलोग्रॅम वाळविलेल्या मातीत सुमारे 2.3 किलोग्रॅम वजनाचे विलोचे रोप लावले व पाच वर्षे त्याला पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे 77 किलोग्रॅम झाले. मातीचे वजन मात्र 60 ग्रॅमदेखील घटले नाही. हेल्मोंटने यावरून झाड पाण्याचेच बनते असा निष्कर्ष काढला. तो अपुरा होता, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला ठाऊक नव्हता. ही हकीकत वर्गात कोणत्या क्षणी सांगावी, आकडे आधी द्यावेत की अंदाज आधी विचारावा, आणि हेल्मोंटची चूक मुलांनाच कशी शोधू द्यावी, याचा विचार करणे हे शुलमन यांनी सांगितलेले तिसरे ज्ञान होय.

जीवविज्ञानाच्या शिक्षकाला याशिवाय हातांचे कौशल्य लागते. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशीविभाजन पाहावयाचे असेल तर अगदी टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग घ्यावा लागतो, तो रंजकाने रंगवावा लागतो, आणि काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने बेताने दाबावा लागतो. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर राहतात. काच बाजूला सरकली तर त्या चुरडतात. हा 'बेत' कोणत्याही चित्रफितीतून पुरता कळत नाही. दोनचार काचपट्ट्या वाया घालवूनच तो हाताला समजतो.

एका घटकाची आखणी

ऑनलाइन प्रशिक्षण चांगले कसे असावे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'वनस्पतींचे श्वसन' हा घटक घेऊ. तो चार आठवड्यांत पुढीलप्रमाणे मांडता येतो.

पहिला आठवडा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाला एकच प्रश्न विचारावा : वनस्पती श्वसन केव्हा करतात? दिवसा, रात्री, सदोदित, की कधीच नाही? मुलांची उत्तरे मोजून ती ऑनलाइन गटापुढे ठेवावीत. 'रात्री' हे उत्तर अनेक ठिकाणी आढळेल. त्याचे कारणही गटाने शोधावे. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग पुरेसा असला म्हणजे श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पानातच वापरला जातो व बाहेर ऑक्सिजन पडताना दिसतो; म्हणून दिवसा श्वसन थांबते असा भास होतो. शिवाय श्वसन म्हणजे श्वासोच्छ्वास असे मानण्याची सवय आड येते. प्रत्येक जिवंत पेशीत अन्नापासून ऊर्जा मोकळी करणारी क्रिया म्हणजे श्वसन, हे मुलांच्या मनात ठसलेले नसते.

दुसरा आठवडा. शिक्षकाने स्वतः प्रयोग करावा. खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा व सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्यावी. घट्ट झाकणाच्या तीन बरण्या घ्याव्यात. पहिलीत मोड आलेले मूग, दुसरीत उकळून थंड केलेले तसेच मूग, तिसरी रिकामी. आणि प्रत्येकीत निवळीची एक लहान वाटी ठेवावी. काही तासांनी पहिल्या बरणीतील निवळी दुधाळ होते. मूग हिरव्या पानांवाचून, अंधारात वा उजेडात, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकीत आहेत हे त्यावरून कळते.

परंतु बरण्या तशाच दोन दिवस राहिल्या तर दुसरीतील निवळीही गढूळ होऊ लागते. ज्याने प्रयोग केवळ चित्रफितीत पाहिला, त्याला ही गोष्ट दिसतच नाही. ज्याने तो घरी केला, तो बुचकळ्यात पडतो व गटाला विचारतो. उकळलेले मूग मेलेले असले तरी त्यांवर सूक्ष्मजीव वाढतात आणि तेही श्वसन करतात, असे उत्तर चर्चेतून निघते. उद्या वर्गात एखाद्या मुलीने हाच प्रश्न विचारला, तर हा शिक्षक 'प्रयोग चुकला' असे सांगून तिला गप्प बसविणार नाही.

तिसरा आठवडा. शिक्षकाने हा पाठ आपल्या वर्गात घ्यावा. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न जसेच्या तसे लिहून काढावेत आणि ते गटापुढे मांडावेत. अनोळखी सहकाऱ्यांपुढे आपला पाठ ठेवण्यास धैर्य लागते. म्हणून गट लहान, वीस-पंचवीस जणांचा, असावा आणि त्याला एक अनुभवी मार्गदर्शक असावा.

चौथा आठवडा. पहिल्या आठवड्यातील प्रश्न वर्गाला पुन्हा विचारावा व दोन्ही वेळची उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत. उत्तरांत फरक पडला असेल तर प्रशिक्षण फळले. पडला नसेल, तर काय राहिले याचा शोध घेण्यास तोच प्रारंभ समजावा.

या आखणीत इंटरनेटवरून काय गेले व काय गेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रश्न, छायाचित्रे, आकडे, शंका व सल्ला या गोष्टी तारेवरून गेल्या. मूग, निवळी व मुले मात्र शिक्षकाच्या जवळच राहिली.

अंतराचा लाभ

समोरासमोरच्या वर्गात न मिळणारा एक लाभ ऑनलाइन प्रशिक्षणात मिळू शकतो. सजीवांवर हवामानाचा परिणाम होतो, आणि ऑनलाइन गटातील शिक्षक वेगवेगळ्या हवामानात राहत असतात.

फळमाशीचे उदाहरण घ्या. अतिपक्व केळे उघड्या बाटलीत ठेवले असता या माशा आपोआप येतात. रवा व गूळ शिजवून केलेल्या खाद्यावर त्या वाढविता येतात. अंडे, अळी, कोष व माशी हे चक्र 25 अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे दहा दिवसांत पुरे होते; 18 अंशांना त्याला जवळजवळ दुप्पट काळ लागतो. चेन्नईच्या शिक्षिकेने व सिमल्याच्या शिक्षकाने एकाच आठवड्यात बाटल्या मांडल्या आणि रोजच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर तापमानाचा वाढीवर होणारा परिणाम दोघांच्याही वर्गांना दिसेल. एकट्या शाळेला यासाठी तापमान स्थिर राखणारी पेटी लागली असती.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये स्थापिलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या 'क्यूब' या उपक्रमात असाच दृष्टिकोन आढळतो. फळमाशी, गोगलगाय, गांडूळ यांसारखे सहज मिळणारे जीव पाळून त्यांवर साधे प्रयोग करावयाचे आणि निरीक्षणांची चर्चा दूरदूरच्या सहभागी व्यक्तींशी करावयाची, अशी त्याची पद्धत आहे. 2010 च्या सुमारास सुरू झालेल्या 'सीझनवॉच' या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी व नागरिक ठरावीक झाडांची पालवी, फुले व फळे यांची नोंद करतात. केरळमधील शाळांचा त्यात मोठा सहभाग आहे. तेथे विषूच्या सणाला लागणारा बहावा एप्रिलच्या मध्यास फुलावा अशी लोकांची अपेक्षा असते. तो आता केव्हा फुलतो, हे पाहण्यास शाळेच्या अंगणातील झाड व एक वही पुरते.

उपकरणांची अडचणही काही प्रमाणात हलकी झाली आहे. मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये कागदाची घडी घालून तयार होणारा 'फोल्डस्कोप' हा स्वस्त सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. प्रतिमा सुमारे 140 पट मोठी करून दाखविणारे हे साधन मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येते. त्यामुळे शिक्षकाने पाहिलेली पेशी गटातील सर्वांना पाहता येते, आणि पाहिले ते हवेचा बुडबुडा होता की पेशी, हे मार्गदर्शकाला तत्काळ सांगता येते.

पुरावा काय सांगतो?

पडद्यावरून दिलेले प्रशिक्षण समोरासमोरच्या प्रशिक्षणाहून हिणकस असते, असा समज आहे. अमेरिकेत बॅरी फिशमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा केली. पर्यावरणविज्ञान शिकविणाऱ्या 49 माध्यमिक शिक्षकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास समोरासमोर व दुसऱ्यास ऑनलाइन प्रशिक्षण मिळाले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील शिक्षकांची व त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती झाली, आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. त्या प्रयोगातील शिक्षकांना एक निश्चित अभ्यासक्रम लगेच आपल्या वर्गात शिकवावयाचा होता. प्रशिक्षण व वर्ग यांचा संबंध तुटलेला नव्हता. तेव्हा पडदा असणे वा नसणे यापेक्षा हा संबंध असणे वा नसणे अधिक महत्त्वाचे, असे मानण्यास येथे आधार मिळतो.

उणिवा

ऑनलाइन प्रशिक्षणाचे दोष झाकण्यात अर्थ नाही. तास मोजणे सोपे असते, समज मोजणे अवघड असते. म्हणून प्रमाणपत्र तासांवर दिले जाते. चित्रफीत चालू ठेवून शिक्षक उत्तरपत्रिका तपासू लागला, तरी यंत्र तो वेळ भरलाच असे धरते. पर्यायी उत्तरांची चाचणी सहकाऱ्याला विचारून सोडविता येते. अशा वेळी 50 तास पुरे होतात आणि वर्ग होता तसाच राहतो.

दुसरा दोष वेळेचा. प्रशिक्षण शाळेच्या वेळेबाहेर ठेवले की ते रात्रीच्या भोजनानंतर मोबाइलवर उरकले जाते. घरकामाचा भार ज्यांच्यावर अधिक पडतो त्या शिक्षिकांना याचा विशेष त्रास होतो. मुख्याध्यापकाने आठवड्यातून दोन तासिका यासाठी मोकळ्या ठेवल्या, तर ही अडचण पुष्कळ अंशी दूर होईल.

तिसरा दोष भाषेचा. 'निष्ठा'चे साहित्य अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु साहित्य मातृभाषेत व चर्चा इंग्रजीत अशी विभागणी झाली की, ग्रामीण शिक्षक मुका होतो. ज्या भाषेत तो मुलांना शिकवितो, त्याच भाषेत त्याला शंका विचारता आली पाहिजे.

चौथा दोष सुरक्षिततेचा. पानातील स्टार्चच्या परीक्षेसाठी पान अल्कोहोलमध्ये तापवावे लागते. अल्कोहोल ज्योतीवर सरळ तापविणे धोक्याचे असते. ते गरम पाण्याच्या भांड्यात, ज्योत विझवून, तापवावयाचे असते. असे प्रयोग शिक्षकाने प्रथमच करावयाचे असतील, तर त्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोनतीन दिवस प्रत्यक्ष एकत्र येणे हाच मार्ग योग्य होय. ऑनलाइन प्रशिक्षणाने या भेटीची जागा घेऊ नये. भेटीपूर्वीची तयारी व भेटीनंतरचा पाठपुरावा करावा.

उपसंहार

जीवविज्ञानाच्या शिक्षकाचे ऑनलाइन प्रशिक्षण तीन अटींवर सफल होते. शिक्षकाने सजीव स्वतःच्या हातांनी हाताळलेला असावा. शिकलेली गोष्ट त्याच महिन्यात वर्गात शिकविलेली असावी. आणि काय घडले ते सांगण्यास व ऐकण्यास समव्यवसायी मंडळी असावीत. यांपैकी तिसरी गोष्ट इंटरनेट पुरवू शकते, आणि खेड्यातील एकाकी विज्ञानशिक्षकाला तिचे मोल फार मोठे आहे. पहिल्या दोन गोष्टी त्याच्या शाळेतच घडावयाच्या असतात. त्यांसाठी मूठभर मूग, चुन्याची निवळी आणि शाळेने दिलेला थोडा मोकळा वेळ लागतो.

अभ्यासासाठी प्रश्न

1. उकळलेल्या मुगांच्या बरणीतील निवळी दोन दिवसांनी गढूळ होऊ नये म्हणून प्रयोगात काय बदल कराल?
2. हेल्मोंटच्या प्रयोगातील कोणता निष्कर्ष बरोबर व कोणता अपुरा होता?
3. आपल्या परिसरातील कोणत्या एका झाडाची वर्षभर नोंद ठेवता येईल? दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेशी ती ताडून पाहिल्यास काय कळेल?
4. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे फळ तासांखेरीज आणखी कशाने मोजता येईल?